‘शब्दकोशात बघ’ म्हणणाऱ्या दिराला काय सांगायचं?

‘अक्का, नमस्कार. मी चिकोडी तालुक्यातली, वय ३८. मालक जाऊन वर्ष उलटलं. मुलगा दहावीत, मुलगी सातवीत. सासूबाई, दीर, जाऊ, आम्ही सगळी एकाच घरात राहतो. मालक असतानाच वाटणी झालेली, दोन एकर त्यांच्या नावावर आहे. मागच्या महिन्यात मी दिरांना म्हटलं, पहणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, आता माझं आणि पोरांचं नाव लावून घेऊ या. तर अंगणात चार माणसांसमोर ते म्हणाले, “रांडंला आता जमीन पायजे.” संध्याकाळी नणंदेनं त्यांना जाब विचारला, तर म्हणाले, “शिवी कुठं दिली? शब्दकोशात बघ. रांड म्हणजे विधवा. ती विधवा हाय का न्हाई?” नणंद गप्प बसली. सासूबाई नातीलासुद्धा “काय गं रांडं, जेवलीस का” म्हणतात, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मुलगा त्या वेळी अंगणातच होता. तो काही बोलला नाही. पण परवा फोनवर मित्राला “ए रांडेच्या” म्हणून हसला आणि माझ्या पोटात गोळा आला. अर्थ खरंच तोच असेल तर मी चिडायचं की नाही? आणि दिरांना उत्तर काय द्यायचं?’

अगं, चिडायचं. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तू परवानगी मागितल्यासारखं विचारलं आहेस.

आणखी एक. तो शब्द मी इथं फुल्या मारून छापणार नाही. फुल्या मारल्या की वाचणाऱ्याला सभ्य वाटतं, एवढाच त्याचा उपयोग. तुला अंगणात तो अख्खा ऐकावा लागला, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचं तर अख्खा लिहूनच बोलू.

तुझे दीर अर्धं खरं बोलले, आणि अर्धं खरं बोलणारा माणूस भांडायला फार अवघड. संस्कृतात ‘रण्डा’ म्हणजे विधवा. पण त्याच भाषेत तो बाईला हिणवायचाही शब्द होता. मराठीत येताना दोन्ही अर्थ बरोबर आले. मोल्सवर्थचा जुना मराठी कोश बघ, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात रांड म्हणजे विधवा आहे, वेश्या आहे, आणि कुठल्याही बाईला तुच्छतेनं म्हणायचा शब्द, असंही आहे. ‘रांडापोरं’ म्हणताना आपण गावातल्या सगळ्या बायका आणि मुलं धरतो, त्यात विधवा-सधवा असा भेद कुठं असतो? दिरांनी पहिल्या अर्थावर बोट ठेवलं आणि बाकीचं पान तळव्याखाली झाकलं.

बरं, शब्दकोशाचाच आग्रह असेल तर त्यांना आणखी एक शब्द दाखव: रांडरोटी. मराठेशाहीत लढाईत शिपाई पडला की त्याच्या बायकोच्या पोटापाण्यासाठी सरकार जमीन किंवा नेमणूक द्यायचं, तिला रांडरोटी म्हणत. महसुलाच्या दप्तरातला हा सरळ, कामकाजी शब्द. कारकून तो लिहिताना कुणाला हिणवत नव्हता. म्हणजे एक काळ असा होता की ‘रांड’ आणि ‘जमीन’ हे दोन शब्द एका वाक्यात आले, तर त्याचा अर्थ तिला जमीन द्यायची आहे असा व्हायचा. तुझ्या अंगणात तेच दोन शब्द एका वाक्यात आले. फरक तुला कळलाच असेल.

मग विधवा या अर्थाचा शब्द वेश्या या अर्थापर्यंत कसा गेला? माझं मत असं की तो फार लांब गेलाच नाही, शेजारच्या घरात गेला. ज्या समाजात बाईची ओळख अमक्याची लेक, तमक्याची बायको अशीच असते, तिथं नवरा गेलेल्या बाईवर कुणाचं नाव उरत नाही. नाव उरलं नाही की ती कुणाचीही, असं धरून चालतात. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत तिचं दुसरं लग्न बंद, डोकं भादरलेलं, आणि घरातल्याच पुरुषांपासून सुटका नाही. त्यातून मूल राहिलं तर दोष तिचा. ‘रांडेचा’ ही शिवी इथूनच येते. शिवी देतात पुरुषाला आणि लागते ती त्याच्या आईला.

हे फार जुनं नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशाच विधवांसाठी. इथं या, बाळंत व्हा, मूल मारू नका, न्यायचं तर न्या, नाही तर आम्ही सांभाळू. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेणं सुरू झालं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे इतक्या संतापल्या की १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. ज्या दोषांसाठी बायकांना नावं ठेवता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल. तो सवाल तुझ्या अंगणातही चालला असता.

तू म्हणशील, हे सगळं ब्राह्मणांच्या घरातलं, आपल्याकडं तर पाट लागायचे. खरं आहे. आपल्या भागात शेतकरी जातींत विधवेचा पाट लागायचा. कुणी मोहतूर म्हणायचं, कानडी बोलणाऱ्यांत उडकी म्हणायचे, लुगडं नेसवून बाईला दुसरं घर मिळायचं. पण पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोची बरोबरी नव्हती, मंगलकार्यात तिला पुढं येऊ देत नसत. आणि घराण्याला जरा बरे दिवस आले, चार लोक ‘पाटील’ म्हणून मान द्यायला लागले, की पहिली गोष्ट काय बंद व्हायची? पाट. आमच्यात नाही चालत असं म्हणण्यात मोठेपणा होता. त्या मोठेपणाची किंमत घरातली विधवा भरायची.

आता जरा कानडीकडं बघ, चिकोडीत राहतेस तर ते कानावर पडतच असेल. रंडे म्हणजे विधवा, आणि शिवी. मुंडे म्हणजे मुंडण केलेली, म्हणून विधवा, म्हणून शिवी. बोळी म्हणजे बोडकी, म्हणून विधवा, आणि बोळीमगा ही बाजारात दिवसभर ऐकू येणारी शिवी. आपली ‘बोडकी’ त्याच घरातली. १९५६ पासून सीमा इथून का तिथून यावर दोन्ही बाजू भांडतायत, पण विधवेला शिवी करण्यात दोन्ही भाषांचं कधी दुमत झालं नाही. हिंदीत बायको गेलेल्या पुरुषाला रंडुआ म्हणतात, शब्द त्याच मुळाचा. पण त्याचा अर्थ घसरत घसरत छिनालपणापर्यंत गेला नाही. मराठीत असा पुरुष दुसऱ्यांदा बोहल्यावर उभा राहिला की बिजवर होतो, आणि बिजवराला मुली सांगून येतात.

आणि सौंदत्तीची यल्लमा? तिला आपण सगळेच मानतो. मार्गशीर्षातल्या पुनवेला तिची रांडाव पुनव. त्या दिवशी जमदग्नी मारला गेला आणि देवी विधवा झाली, म्हणून जोगतिणी हिरव्या बांगड्या फोडतात. माघातली ती आहेव पुनव, कानडीत मुत्तैदे हुण्णिमे. नवरा जिवंत झाला, बांगड्या परत आल्या. ‘रांडाव’ हा शब्द तिथं कुणी दबक्या आवाजात म्हणत नाही, पंचांग सांगावं तसं सांगतात, ‘रांडाव पुनवंला गाडी जाणार हाय’. म्हणजे शब्द तोंडी आला की शिवीच होते असं नाही. पण एक फरक आहे, देवीचं वैधव्य दोन महिन्यांत संपतं. तुझं संपणार नाही, म्हणून तुझ्यावर तो शब्द चिकटतो.

त्याच डोंगरावरची दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. ज्या मुलीला गळ्यात मुत्तू, म्हणजे मण्यांची माळ, बांधून देवीला सोडलं ती रूढीप्रमाणं कधी विधवा होतच नाही. तिचा संबंध देवाशी, तिचं कुंकू कायम. दिरांचा शब्दकोश धरला तर तिला ‘रांड’ म्हणताच येणार नाही. आणि गावानं हा शब्द सगळ्यात जास्त फेकला तो तिच्यावरच. अशा देवदासींबद्दल मुंबई इलाख्याचा १९३४ चा कायदा झाला, तेव्हा आपला बेळगाव जिल्हा त्या इलाख्यात होता. कर्नाटकाचा १९८२ चा झाला. देवाला सोडणं गुन्हा ठरलं, पण शब्द चालूच राहिला. नवरा मेलेली, नवरा नसलेली, नवऱ्याशी पटत नाही म्हणून माहेरी आलेली, आणि नवरा शेजारी बसलेला असताना मोठ्यानं बोलणारी, या सगळ्यांना तो एकच शब्द लावतात. यांच्यात समान काय? त्या क्षणी त्या कुणाच्या ताब्यात नाहीत, एवढंच. दिरांनी तुला विधवा म्हटलं असं ते म्हणतात, पण विधवा तू वर्षभर होतीस. जमीन मागितलीस त्या दिवशी तू रांड झालीस.

दिरांना द्यायचं उत्तर हेच, आणि ते एका वाक्यात दे: ‘दाजी, अर्थ मला माहीत आहे. नाव लावायची गोष्ट निघाली तेव्हाच तो शब्द तुम्हाला कसा आठवला, ते सांगा.’ चार माणसांसमोर म्हण, कारण ते चार माणसांसमोरच बोलले होते. आवाज चढवू नकोस आणि शब्दाच्या अर्थावर वाद घालू नकोस. त्यांना तेच हवंय. तुम्ही दोघं शब्दकोश धुंडाळत बसलात तर पहणी आहे तशीच राहील.

आता खरं काम. वाटणी होऊन दोन एकर तुझ्या मालकांच्या नावावर आहे, ती त्यांची स्वतंत्र मिळकत आहे आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही असं धरून चालते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं अशा माणसाच्या मागं बायको, मुलगा, मुलगी आणि आई, चौघं सारखे वारस. म्हणजे तू, दोन पोरं आणि सासूबाई. पहिल्या वर्गातला एकही वारस असेपर्यंत भावाला काही मिळत नाही. दिरांचा त्या दोन एकरांत हिस्सा शून्य आहे. आणि तुझा जो हिस्सा, त्याची तू पूर्ण मालकीण. पूर्वी असं नव्हतं. १८५६ च्या कायद्यानं विधवेला पुन्हा लग्न करता आलं, पण केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. १९३७ साली हक्क मिळाला तोही हयातीपुरता, मनासारखं विकता येत नव्हतं. १९५६ नंतर तो पूर्ण झाला, आणि पुढं कधी तू दुसरं लग्न केलंस तरी मिळालेला हिस्सा परत जात नाही. ते तुझ्या मनात आहे असं मी म्हणत नाही, पण ती धमकी कुणीतरी देईल, म्हणून सांगून ठेवते.

नाव लावायला दिरांची सही लागत नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्यांची आधारकार्डं, जमिनीची पहणी आणि वंशावळीचा दाखला घे. हे घेऊन तुमच्या होबळीच्या नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत, वारसा नोंदीचा अर्ज दे. कागद कानडीत असतील, भिऊ नकोस, दहावीतल्या मुलाला वाचता येत असेल तर त्याला बरोबर घे, आणि काय लिहिलंय ते समजल्याशिवाय सही करू नकोस. विशेषतः ‘हक्क सोडला’ अशा मजकुराखाली. कोऱ्या कागदावर तर अजिबात नाही, मग तो कागद नणंदेनं आणला असला तरी. दिरांनी हरकत घेतली तर प्रकरण तहसीलदारांपुढं जाईल, वेळ लागेल, पण हरकतीला त्यांना कारण द्यावं लागेल आणि ‘ती रांड आहे’ हे कारण त्या अर्जात लिहिता येत नाही. वकील लागलाच तर तालुका कोर्टातल्या कायदा सेवा समितीकडं जा. बायकांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. चौकशी फोनवर करायची असेल तर १५१०० हा त्यांचा क्रमांक.

घरातून काढतील अशी भीती पत्राच्या ओळींमागं दिसते, तू लिहिलं नसलंस तरी. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात अपमान आणि शिवीगाळ हीसुद्धा हिंसा धरलेली आहे, मारलंच पाहिजे असं नाही. आणि नवरा गेल्यावरही विधवेला त्या घरात राहायचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. पोलिसात पळ असं मी पहिल्याच दिवशी सांगणार नाही, तुला त्याच अंगणात राहायचंय. पण कोण, कधी, कुणासमोर काय बोललं ते तारखेनिशी एका वहीत लिहून ठेवत जा. हात उगारला, किंवा सामान बाहेर टाकायची भाषा झाली, तर मात्र थांबू नकोस. महिलांसाठी १८१ आहे.

सीमेपलीकडच्या हेरवाडचं तू ऐकलं असशील. शिरोळ तालुक्यातल्या त्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. महाराष्ट्र सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. ते परिपत्रक आपल्याला लागू नाही, पण ठराव करायला आपल्या पंचायतींना कुणी अडवलेलं नाही. तुझ्या गावात बायकांचे बचत गट असतीलच, तिथं विषय काढता येईल. आज नको. आधी पहणी.

मुलाबद्दल. तो गप्प राहिला याचं वाईट मानू नकोस, पंधरा वर्षांच्या पोरानं काकासमोर काय बोलायचं? पण ‘रांडेच्या’चं त्याला सांगावं लागेल, आणि ते तूच सांग. ओरडून किंवा रडून नको. जेवताना, साध्या आवाजात. ‘तू मित्राला जे म्हणालास त्याचा अर्थ विधवेचा पोर. तो तू आहेस.’ एवढं बोल आणि भाकरी वाढ. त्याला लाज वाटेल, वाटू दे. दोन दिवसांनी हवं तर यशवंतची गोष्ट सांग. एका ब्राह्मण विधवेचा हा मुलगा १८७४ मध्ये फुल्यांनी दत्तक घेतला. गावानं त्याला कुठली शिवी दिली असेल ते तुझ्या लेकाला आता कळेल. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना घेऊन जायच्या ते त्याच्याच दवाखान्यात. त्या रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या.

आणि सासूबाईंचं ‘काय गं रांडं, जेवलीस का’? ते राहू दे. मुलीला वाटलं तर ती स्वतः म्हणेल, ‘आजी, असं नको म्हणू.’ म्हाताऱ्या बायका एकमेकींना असं म्हणतात त्यात वरचढपणा नसतो, जेवलीस का हा खरा प्रश्न असतो. तुला ते कधी लागलं नाही, म्हणजे तुझ्या कानाला फरक बरोबर कळतो. दिरांच्या शब्दकोशापेक्षा त्या कानावर जास्त भरवसा ठेव.

तुझ्या पत्रावरून सासरे हयात दिसत नाहीत, म्हणजे सासूबाईही बरीच वर्षं विधवा असणार. आजवर त्यांचं नाव कुठल्या पहणीवर लागलंय का, ते विचार. नाडकचेरीत जाशील तेव्हा त्यांना बरोबर ने. तुझ्या मालकांच्या दोन एकरांत त्यांचा चौथा हिस्सा आहे, आणि तुझ्या घरात ते त्यांना आजपर्यंत कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.